मोबाइल फोटोवरून पिकाचा रोग सांगतो, मग माणसाच्या ओळखण्यात वेगळं काय?

फरक मोठा आहे. निफाडकडच्या द्राक्षबागेत बघा. बागायतदार पान उलटं करतो. खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की डाऊनी हा रोग. राखेसारखा थर बोटाने पुसला गेला की भुरी हा दुसरा रोग. शिवाय चार दिवसांपूर्वी पाऊस झाला होता, हे त्याच्या लक्षात असतं, आणि मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. यंत्र समोरचे ठिपके आधी शिकलेल्या फोटोंशी ताडून शक्यतेचा आकडा देतं, बस. २०१६ च्या एका अभ्यासात ५४,३०६ फोटोंच्या संचावर तयार केलेलं, पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल (संगणकाचा प्रोग्राम) त्याच संचातल्या न पाहिलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के बरोबर आलं. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर जेमतेम ३१ टक्के! शिकवताना पानं एकेक, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. बागेत तसं कुठे असतं?