वाकड, पुनावळे, हिंजवडी की बालेवाडी: भाड्याने देण्यासाठी फ्लॅट कुठे घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहतं घर पुण्यात कोथरूडला आहे, नोकरी हिंजवडीत. सगळा खर्च धरून ८० लाखांत दुसरा फ्लॅट घ्यायचा, तो भाड्याने द्यायचा. २५ लाख हाताशी आहेत, उरलेलं कर्ज. या चारपैकी कुठे घ्यावा?

मी वाकडला राहतो आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीवर हिशेब बघतो. माझं मत वाकडच्या बाजूने आहे, आणि तेही सात-आठ वर्षं जुन्या, सोसायटी रजिस्टर झालेल्या इमारतीतल्या रिसेल फ्लॅटच्या बाजूने. मी तिथलाच म्हणून पक्षपात करतोय असं वाटू नये, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

एजंट तुम्हाला चारही ठिकाणचे स्क्वेअर फुटाचे दर सांगेल आणि जिथे दर कमी तिथे "अजून वाढायला वाव आहे" म्हणेल. दराआधी हद्द बघा. ही ठिकाणं एकमेकांना लागून आहेत, पण कारभार तीन जणांकडे. बालेवाडी पुणे महापालिकेत. वाकड आणि पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातली गावं: तिथे ग्रामपंचायत, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि आयटी पार्क एमआयडीसीचं. रस्त्यावर पाणी तुंबलं की कुणाला फोन करायचा, हेच तिथे रहिवाशांना आधी शोधावं लागतं. हिंजवडी पिंपरी-चिंचवडमध्ये घ्या, ही मागणी जुनी आहे. ती मान्य होईल या आशेवर मात्र पैसे लावू नका.

हद्द म्हणजे काय ते बघायचं असेल तर कस्पटे वस्तीला जा. वाकड आणि बालेवाडी यांच्यामध्ये फक्त मुळा नदी. तिच्यावर पूल बांधून झाला, पण पलीकडच्या जोडरस्त्याची जागा ताब्यात येईना, म्हणून तो कित्येक वर्षं नुसताच उभा होता. समोरची बिल्डिंग गॅलरीतून दिसायची आणि तिथे जायला हायवेला वळसा. दोन महापालिकांच्या मधली जागा अशी असते.

आता पाणी, कारण भाडेकरू टिकतो तो पाण्यावर. पिंपरी-चिंचवडला मुख्य पाणी पवना धरणाचं. धरणापासून बंद जलवाहिनी आणायची योजना रखडली ती २०११मध्ये मावळात तिच्याविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर, शहर मात्र वाढत गेलं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून महापालिका दिवसाआड पाणी देते. त्यामुळे वाकड-पुनावळ्यात "पाणी आहे ना?" असं विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. सोसायटीचे गेल्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा आणि टँकरचं खातं काढा. महापालिकेच्या पाणीपट्टीपेक्षा टँकरचा आकडा किती मोठा आहे, तो दरवर्षी वाढतोय का, एप्रिल-मेमध्ये किती उडी मारतो, हे त्या एका पानावर कळतं. आमच्याच रस्त्यावर शेजारी-शेजारी दोन सोसायट्या आहेत. एकीचा टँकरखर्च उन्हाळ्यापुरता, दुसरीकडे बारा महिने. फ्लॅट सारखेच, मेंटेनन्समध्ये मोठा फरक. आणि आपल्याकडे मेंटेनन्स बहुतेक वेळा मालकच भरतो, म्हणजे तो तुमच्या भाड्यातून जाणार. नव्या इमारतीत हे पान मुळात नसतंच. मी रिसेल म्हणतो त्याचं मोठं कारण हे.

पुनावळे स्वस्त आहे आणि तिथे नवं बांधकामही भरपूर चालू आहे. मला अडचण तीच वाटते. तुमचा फ्लॅट भाड्याला लागेल तेव्हा त्याच रस्त्यावर तसेच शेकडो कोरे फ्लॅट भाडेकरू शोधत असतील, मग भाडं वाढणार कसं? तिथला प्रस्तावित कचरा डेपो रद्द झाल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, हे चांगलंच झालं. दहा-बारा वर्षं थांबायची तयारी असेल आणि भाड्याची घाई नसेल, तर पुनावळे वाईट नाही.

बालेवाडी राहायला उत्तम, भाडेकरूही चांगला मिळतो. पण तुमच्या पैशात तिथे मोठी, नवी जागा बसणं कठीण. शिवाय पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते ती स्वतः राहणाऱ्याला आहे, भाड्याने दिलेल्या घराला नाही. जाहिरातीतल्या घरपट्टीच्या आकड्यावर जाऊ नका.

मेट्रोबद्दल दोन शब्द. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका २३ किलोमीटरची, भूमिपूजन डिसेंबर २०१८चं. मार्ग वाकड चौक, बालेवाडी स्टेडियम, बाणेर असा आहे. वाकड चौक म्हणजे हायवेचा चौक. तिथून दत्त मंदिर रस्त्याच्या आतल्या सोसायट्या बऱ्याच लांब पडतात. पुनावळे तर या मार्गावरच नाही. "मेट्रोपासून पाच मिनिटं" असं कुणी म्हणालं तर संध्याकाळी सहाला चालत जाऊन बघा.

हिशेब असा बसतो. ७२ लाखांचा तयार फ्लॅट धरा. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाखांच्या वर (एकट्या पत्नीच्या नावावर घेतलात तर १ टक्का कमी), नोंदणी ३० हजार, दलाली आणि किरकोळ फर्निचर धरून झाले ८० लाख. बांधकाम चालू असलेला घेतलात तर ५ टक्के जीएसटी वेगळा. भोगवटापत्र (इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला) मिळालेल्याला तो नाही. भाडं २६ हजार धरलं तर वर्षाचे ३ लाख १२ हजार. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, घरपट्टी १४ हजार, एक महिना रिकामा, करार आणि दलाली १५ हजार. हाती सव्वादोन लाखांच्या आतच, म्हणजे ८० लाखांवर २.७ टक्के. ५५ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ४७ हजार ७००च्या आसपास. भाड्यातून खर्च जाऊन उरणारे महिन्याला १८ हजार वजा केले तरी ३० हजार खिशातून, दर महिन्याला. तेवढे सहज जात असतील तरच या व्यवहारात पडा, नाहीतर खरंच थांबा. विकताना नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि आता घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून खरेदीची किंमत वाढवता येत नाही, हेही धरा.

वाकडमध्येही सगळीकडे डोळे मिटून घेऊ नका. नदीकाठच्या इमारतीसाठी विकास आराखड्यातली निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी) तपासा. भूमकर चौकाजवळ घेणार असाल तर आयटी पार्क सुटायच्या वेळी तिथून गाडी काढून बघा, तुमचा भाडेकरू रोज तेच करणार आहे. कागदांत भोगवटापत्र, शेअर सर्टिफिकेट आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) सोसायटीच्या नावावर झालंय का, एवढं वकिलाकडून बघून घ्या. आणि मालक हिशेब दाखवायला "कमिटीला विचारतो" म्हणत दोन आठवडे घालवत असेल, तर त्या फ्लॅटचं टोकन देऊ नका, पुढचा बघा.