पहिल्याच कॉलला विचारा, शेजारी कोण राहतं

आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या पेशंटला फोनवर घ्यावं की सरळ नाही म्हणावं, असं तुम्ही गुहागरहून विचारलंय. मी २०२० च्या लॉकडाऊनपासून रत्नागिरीतून फोनवर समुपदेशन करते. माझं मत, घ्या. पण दहा मिनिटांत त्यांच्या दारात पोचेल असं एक माणूस ठरल्याशिवाय नको.

आपण नाही म्हटलं की ते प्रादेशिक मनोरुग्णालयात जातीलच असं नाही. दोन एसट्या बदला, रोजंदारी बुडवा, वर वाडीत चर्चा. बरेचजण कुठेच जात नाहीत.

एक ताई (ओळख बदलली आहे) घरात बोलता येत नाही म्हणून मांगरात बसून बोलायच्या. जूनचा पाऊस. "आता माझ्याच्याने होत नाही," म्हणाल्या आणि फोन तुटला. पुन्हा लावला, बंद. तुटला तर मीच लावणार, त्यांनी लावायचा नाही, हे आधी ठरलेलं होतं; नाहीतर दोघींचे फोन एकमेकींना बिझी लागतात. पाच मिनिटांनी मी शेजारच्या काकींना फोन केला. त्यांचा नंबर ताईंनीच दिला होता, काय सांगायचं तेही ठरवून. काकी छत्री घेऊन धावल्या. लाईट गेलेली, फोनची बॅटरी संपलेली, ताई अंधारात रडत बसलेल्या. काकींच्या फोनवरून त्यांचा आवाज ऐकेपर्यंत माझे हात थरथरत होते.

जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती देता येते, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये तशी तरतूद आहे. तरी संमती पहिल्याच दिवशी घ्या. संकटात विचारायला वेळ नसतो.

घरात कोणी आलं तर त्यांनी काय म्हणायचं, तेही ठरवा. आमच्याकडे "भात उतरवायचाय" म्हणजे आता हो-नाहीतलेच प्रश्न. आंबा-काजूच्या फवारणीचं औषध घरात आहे का, हे स्पष्ट विचारा. असेल तर कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. असं विचारल्याने मनात विचार येतो, ही भीती खोटी आहे.

धोका आत्ताचा असेल तर फोनवर थेरपी करत बसू नका. ११२ किंवा १०८ लावा, माणूस पाठवा. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, मोबाईलमध्ये नव्हे.

आणि असा कॉल झाला की लगेच पुढचा घेऊ नका. मी त्या दिवशी घेतला, आणि त्या मुलाचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

तुमच्या पेशंटच्या शेजारी कोण राहतं, ते आधी विचारून घ्या. मग मला मेसेज करा, पुढचं सगळं बसून लिहून काढू.