ताई, इंग्लंडमध्ये चर्च मिळेल. मुलांचं काय ते सांगते

जय ख्रिस्त ताई,

नर्सच्या नोकरीवर तुम्ही नवरा आणि दोन मुलांसह इंग्लंडला येताय. तुम्ही विचारलंय की मुलीची शब्बाथ शाळा म्हणजे संडे स्कूल, पाठ करायची सोनेरी वचनं, नाताळची नाटुकली हे सगळं तिकडे कोण करून घेणार, आणि चांगलं चर्च मिळालं की काळजी मिटेल ना? नाही मिटणार. मीही नगरकडची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेली, म्हणून स्पष्टच लिहिते.

आपल्याकडची मुलं विश्वासात वाढतात ती एकट्या आईबापांच्या जिवावर नाही. अर्धं बालपण चर्चच्या आवारात जातं. आजी रात्री सगळ्यांना बसवून प्रार्थना घेते, कुणाची तरी मावशी वचन पाठ करून घेते, डिसेंबरात तरुण संघाची कॅरल पार्टी मध्यरात्री दारात उभी राहते. कोण काय शिकवतंय याचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण ठेवावा लागत नाही. इथे ते आवार नाही. रविवारी तासाभराची उपासना, त्यातली काही मिनिटं मुलं वेगळ्या खोलीत, मग चहा-बिस्कीट आणि सगळे आपापल्या गाडीत. संडे स्कूलची चळवळ याच देशात रुजली. ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने 1780 साली कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी वर्ग काढले. आज मात्र कितीतरी चर्चमध्ये मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलांसाठी धडपडणारे लोक सगळीकडे भेटतील, पण आजीचं काम ते करू शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा. महाराष्ट्रात आपण जेमतेम एक टक्का; 2011 च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक 10 लाख 80 हजारांच्या आसपास होते. तरी शेजारीपाजारी देव मानणारेच असतात. कुणी विचारलंच तर "तुमच्यात कसं करतात?" असं विचारतात. इंग्लंड-वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले, आणि "कोणताच धर्म नाही" असं लिहिणारे 37.2 टक्के. त्या 46 मधलेही बरेचसे चर्चला लग्न-मयताला आणि फार तर नाताळला जातात. त्यामुळे वर्गात प्रश्न येतो तो वेगळाच: "तू हे खरंच मानतेस?" त्यात द्वेष नसतो, नुसतं नवल असतं. माझ्या मते चिडवण्यापेक्षा हे नवल मुलांना जास्त जड जातं, कारण चिडवलं तर निदान भांडता तरी येतं.

आता चर्चबद्दल. सीएनआय आणि चर्च ऑफ इंग्लंड एकाच अँग्लिकन परिवारातली, त्यामुळे तुमचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) इथे चालतं, पुन्हा काही करावं लागत नाही. दाखले मूळ प्रती आणा आणि पाळक साहेबांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या: कुटुंब किती वर्षं मंडळीत आहे, नियमित येतं का, मुलं शब्बाथ शाळेत होती का. याचा उपयोग पुढे सांगते.

चर्च निवडताना गाणी आणि बँड बघून भुलू नका. उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी उभ्या राहा आणि बघा, पांढऱ्या केसांची माणसं मुलांशी बोलतायत का, मुलांची नावं त्यांना ठाऊक आहेत का. आमच्या चर्चमध्ये एक निवृत्त बाई आहेत. माझ्या मुलाची गणिताची परीक्षा त्यांच्या लक्षात असते आणि रविवारी त्या आधी त्याबद्दल विचारतात, मग हवापाण्याबद्दल. तो चर्चला यायला कुरकुरत नाही, त्यात माझ्या उपदेशापेक्षा त्या बाईंचा वाटा मोठा आहे. दुसरं म्हणजे चर्च शक्यतो चालत जाण्यासारखं किंवा एका बसचं असू द्या. मराठी कुटुंबांची प्रार्थनासभा कुठे भरत असेल तर अधूनमधून जरूर जा, ना. वा. टिळकांची भजनं मुलांच्या कानावर पडू देत. पण दर रविवारी दोन तास गाडी हाकून तिकडेच जायचं आणि घराजवळच्या मंडळीत कुणी ओळखायचं नाही, हे मला पटत नाही. शाळेतली मैत्रीण जिथे अचानक भेटू शकते ते चर्च मुलीला खरं वाटतं.

तुमच्या शिफ्ट बारा-बारा तासांच्या असणार, रविवारही जाणार. म्हणून 'मेसी चर्च' कुठे चालतं ते शोधा. पोर्ट्समथजवळच्या एका चर्चने 2004 मध्ये हे सुरू केलं आणि आता बऱ्याच देशांत पसरलंय. बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी असतं. हॉलमध्ये टेबलं मांडलेली: एकावर माती, एकावर रंग, एकावर कणीक मळून भाकर करायची, आणि सगळं त्या दिवशीच्या बायबलच्या गोष्टीला धरून. मग छोटी उपासना, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. यातली मला आवडणारी अट अशी की मुलांना सोडून बाजारात जाता येत नाही, आईबापांनी सोबत थांबायचं. एका मुलाच्या डब्यातल्या भाकरी-माशांतून येशूने पाच हजारांना जेवू घातलं, त्या गोष्टीच्या दिवशी माझा नवरा, ज्याने आयुष्यात कधी संडे स्कूल घेतलं नाही, पिठात हात घालून चार पोरांना "त्या मुलाने आपला डबा का दिला असेल?" असं विचारत होता. घरी येताना गाडीत तीच चर्चा. चर्च आणि घर मिळून म्हणतात ते साधारण असं दिसतं. तुमच्या मिस्टरांना पहिल्याच महिन्यात पाठवा.

एक गोष्ट आपल्या लोकांना सुरुवातीला खटकते. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची डीबीएस म्हणजे पोलीस नोंदींची तपासणी होते, एकटी मोठी व्यक्ती मुलांसोबत खोलीत थांबत नाही, तुम्हाला न विचारता तुमच्या मुलीला कुणी गाडीतून घरी सोडत नाही. सेफगार्डिंगची म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव आणि नंबर चर्चच्या बोर्डावर लावलेला असतो. याला अविश्वास समजू नका. उलट जिथे हा बोर्ड दिसणार नाही तिथे मुलांना पाठवू नका, मग ती आपल्या भाषेची सभा का असेना.

शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत, बहुतेक प्राथमिक, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या म्हणून फी नाही. काहींमध्ये प्रवेश मुख्यतः घर किती जवळ आहे यावर ठरतो. काहींमध्ये जागा कमी पडल्या तर चर्चला नियमित जाणाऱ्यांना आधी घेतात, आणि त्यासाठीच्या वेगळ्या फॉर्मवर व्हिकरची म्हणजे इथल्या पाळकांची सही लागते. नगरच्या पाळकांचं पत्र तिथे दाखवा. आधीच्या मंडळीतली हजेरी धरायची की नाही हे त्या शाळेच्या नियमांवर असतं, ते आधी वाचा. धाकट्याच्या रिसेप्शनच्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या सुरुवातीच्या वर्गासाठी अर्जाची मुदत 15 जानेवारी असते. वर्षाच्या मध्ये आलात तर कौन्सिलकडे वेगळा अर्ज. पण शाळा मिळावी म्हणून चर्च धरू नका. इथे असे पालक पुष्कळ, ऑफर लेटर आलं की गायब होतात, आणि मुलं हे सगळं बघत असतात.

घरी काय करायचं? फार नाही, पण चुकवायचं नाही. रात्री जेवणानंतर आमच्याकडे फोन बाजूला आणि एक छोटा उतारा, मराठीतून. मुलं अडखळत वाचतात, वाचू द्या. प्रभूची प्रार्थना मराठीतच शिकवा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर आजीबरोबर म्हणता येते. रविवारी चर्चमध्ये मुलांना काय सांगितलं ते त्यांचा वर्ग घेणाऱ्याला विचारा आणि आठवड्यात तेच पुढे न्या. उगाच वेगळा अभ्यासक्रम काढू नका. आणि मुलीने शंका काढली तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर व्हिकरला विचारायला तिलाच पाठवा. इथले पाळक अशा प्रश्नांनी खूश होतात.

नाताळच्या सुमारास 'क्रिसटिंगल' नावाची उपासना असते, ती चुकवू नका. मुलांच्या हातात एकेक संत्रं, त्याला लाल फीत, टोचलेल्या काड्यांवर मनुका किंवा गोळ्या, वर मेणबत्ती. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, ज्योत म्हणजे तो स्वतः. दिवे मालवतात आणि तेवढाच उजेड. धाकट्याचे केस लांब असतील तर सांभाळा, आणि गोळ्या उपासना संपेपर्यंत टिकतील अशी आशा ठेवू नका.

प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचं, एक वेगळं निघेल. इथे 2006 पासूनच्या नियमांप्रमाणे बिशपांच्या परवानगीने काही चर्चमध्ये दृढीकरणाआधीच बाप्तिस्मा झालेल्या मुलांना प्रभुभोजन देतात. मुलगी शेजारच्या पोरीला घेताना बघेल आणि विचारेल. गावी सासूबाईंना हे कळलं तर काय होईल ते तुम्ही जाणता, तेव्हा नवराबायकोने आधीच ठरवून ठेवा. आम्ही दृढीकरणापर्यंत थांबलो. का थांबलो ते मुलांना नीट सांगितलं, त्यांनी ऐकलं.

रविवार सकाळचं फुटबॉल हा खरा प्रतिस्पर्धी. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. शनिवारची टीम मिळते का बघा, नाही मिळाली तर संध्याकाळची उपासना कुठे असते ते शोधा.

कुठल्या शहरात हॉस्पिटल मिळालंय ते लिहिलं नाहीत. पोस्टिंग कळलं की घर ठरवण्याआधी सांगा. तिथल्या कोणत्या चर्चमध्ये मुलं आहेत हे वेबसाइटवर नीट कळत नाही, फोन करून विचारावं लागतं, ते मी करते.