वाचकांचे प्रश्न : कराचा काटा कोणीकडे झुकतो?

प्रश्न : मी फोंड्याचा निवृत्त शिक्षक आहे. पेट्रोलवर आपण आधीच भरमसाट कर भरतो. आता कर्ब उत्सर्जन कमी करण्यासाठी वेगळा ‘कार्बन कर’ हवा, अशी चर्चा वाचनात येते. पर्यावरणाच्या नावाखाली खिशाला बसणारी ही आणखी एक चाट तर नव्हे? आणि कर बदलल्याने अर्थव्यवस्थेचे वळण बदलते, हे खरे मानावे काय?

उत्तर : आपला संशय रास्त आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला मूळ विचार साधा होता : धूर सोडणाऱ्याच्या हिशेबात धुराचा खर्च येत नाही, तो धूर सोसणाऱ्याच्या माथी बसतो, म्हणून तेवढा खर्च कराच्या रूपाने मालाच्या किमतीत आणावा. या कसोटीवर आपले आजचे कर तपासले, तर चित्र बरेच विचित्र दिसते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे २० रुपये धरले, तरी स्कूटरवाला एक टन कार्बन डायऑक्साइडमागे साधारण ८,७०० रुपये भरतो, आणि त्यावर राज्याचा व्हॅट असतो तो निराळाच. कोळशावर सप्टेंबर २०२५ पर्यंत टनामागे ४०० रुपये उपकर होता. एक टन कोळशातून दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, हे लक्षात घेता कोळशाच्या धुरावरचा तो कर टनामागे जेमतेम अडीचशे रुपये पडत होता. थोडक्यात, पेट्रोलच्या बाबतीत कार्बन कर आपण नाव न घेता कधीचाच भरत आहोत. सूट मिळाली आहे ती कोळशाला.

कराने माणसे हलतात याचा पुरावा शोधायला गोवेकरांना दूर जावे लागणार नाही. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. त्या दिवसांत पत्रादेवीच्या बाजूच्या पंपावर सिंधुदुर्गातल्या गाड्या टाकी भरून घेताना मी पाहिल्या आहेत. उतरलेल्या किमतीने गाड्या सीमा ओलांडून येत असतील, तर चढलेली किंमतही काही गाड्या घरीच ठेवील.

अर्थव्यवस्थेचे वळण बदलायचे, तर मात्र एक कर चढवताना दुसरा उतरवावा लागतो. स्वीडनने १९९१ च्या करसुधारणेत प्राप्तिकराचे दर मोठ्या प्रमाणात खाली आणले आणि त्याच वेळी टनामागे २५० क्रोनर कार्बन कर लावला, जो टप्प्याटप्प्याने वाढत १,३०० क्रोनरच्या पुढे गेला. तिथे शहरभर नळांतून गरम पाणी खेळवून घरे उबदार ठेवतात. ते पाणी तापवणारी केंद्रे या करामुळे कोळसा आणि तेल सोडून जंगलकामातल्या टाकाऊ लाकडाकडे वळली. देशाचे उत्सर्जन १९९० च्या मानाने जवळजवळ एक तृतीयांशाने घटले आणि अर्थव्यवस्था त्याच काळात वाढत राहिली. कारखानदारीला सुरुवातीची अनेक वर्षे सवलतीचा दर होता, हे मात्र या देशाचे गोडवे गाताना सहसा सांगितले जात नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टनामागे १० डॉलरपासून सुरुवात करून २०१२ मध्ये ३० डॉलर गाठले आणि जमलेला पैसा प्राप्तिकरातील कपातीद्वारे परत केला. पुढे ही परतफेड लोकांच्या नजरेआड झाली. पंपावरचा आकडा तेवढा रोज दिसत राहिला आणि १ एप्रिल २०२५ रोजी सामान्य ग्राहकांवरचा तो कर रद्द झाला.

प्रश्न : आम्ही वास्कोत बंदराजवळ राहतो. सकाळी पुसलेल्या सज्जाच्या कठड्यावर दुपारी बोट फिरवले, की ते काळे होते. कोळशावर पर्यावरणासाठी उपकर होता ना? त्या पैशाचे काय झाले?

उत्तर : आपल्या बोटाला लागणारी भुकटी आणि त्या उपकराचा पैसा यांची गाठ कधी पडलीच नाही. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. जगातल्या फार थोड्या देशांनी एवढ्या लवकर कोळशावर असा कर बसवला होता आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधीही उभारण्यात आला, पण जमलेल्या रकमेचा मोठा भाग त्या कामी लागला नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा याच ४०० रुपयांना, जीएसटीमुळे राज्यांचा बुडणारा महसूल भरून देण्यासाठीच्या नुकसानभरपाई उपकराचे नाव मिळाले. कर तोच राहिला, पण त्याचे कारण कागदावरून पुसले गेले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वरकरणी ही वाढ वाटते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. दीड हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर पूर्वी ७५ रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर मिळून ४७५ रुपये पडत. आता २७० पडतात. साडेतीन हजार रुपयांच्या चांगल्या कोळशावर पूर्वी ५७५ पडत. आता ६३० पडतात. आधी कर वजनावर होता, आता तो किमतीवर आहे, आणि जास्त राखेचा, कमी उष्णतेचा कोळसा स्वस्त असल्यामुळे सूटही त्यालाच मिळाली. हवामानाच्या दृष्टीने पाहता काटा नेमका उलट दिशेला झुकला आहे, असे माझे मत आहे. गोव्याची बहुतेक वीज कोरबा, विंध्याचलसारख्या राज्याबाहेरच्या केंद्रांतून येत असल्याने हा बदल आपल्या वीजबिलाशीही जोडलेला आहे.

राज्याच्या हाती काही नाही असे समजू नये. कोळशासारख्या प्रदूषणकारी मालाच्या हाताळणीवर हरित उपकर घेण्याचा कायदा गोव्याने २०१३ मध्येच केला. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. पोलाद तिकडे तयार होते आणि भुकटी आपल्या वाट्याला येते. त्या पोलादाला आता वेगळ्या दिशेनेही हिशेब द्यावा लागेल, कारण युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांच्या उत्सर्जनावर सीमेवर शुल्क आकारण्याची व्यवस्था लागू केली आहे. उत्पादकाने मायदेशी कार्बनची किंमत मोजली असेल, तर ती त्यातून वजा होते. आपण इथे कर घेतला नाही, तर तोच पैसा युरोपच्या तिजोरीत जाईल, हा मुद्दा दिल्लीतल्या अर्थमंत्रालयाला पर्यावरणाच्या प्रेमापेक्षा लवकर पटावा. आपल्या कठड्यावरच्या भुकटीसाठी मात्र कार्बन कराची वाट पाहू नये. कोळशाचे ढिगारे आणि रेल्वेच्या वाघिणी झाकणे, पाणी मारणे हे नियमांचे काम आहे, आणि ते नियम पाळून घेण्याची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे.

प्रश्न : कुटबण जेटीवर माझा ट्रॉलर आहे. डिझेलवर कार्बन कर आला, तर आम्ही जाळी गुंडाळून घरी बसायचे काय?

उत्तर : इंधनावरच्या कराला विरोध करत २०१८ मध्ये फ्रान्समध्ये पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली, तेव्हा आपली धास्ती कोणीही हसण्यावारी नेऊ नये. ट्रॉलरना डिझेलवरील व्हॅटचा परतावा देण्याची पद्धत आहे, पण तो लिटरवर मिळतो, म्हणजे जो जास्त जाळेल त्याला जास्त. तेवढीच रक्कम बोटीच्या आकारानुसार वर्षाला ठरावीक दिली आणि डिझेल पूर्ण भावाने घ्यायला लावले, तर सरकारचा खर्च वाढत नाही आणि आपले उत्पन्नही बुडत नाही. फरक इतकाच, की जुने इंजिन दुरुस्त करून किंवा फेऱ्या नीट आखून एखाद्याने मोसमात शंभर लिटर डिझेल वाचवले, तर त्या शंभर लिटरचे पूर्ण पैसे त्याच्याच गाठीला राहतील. आजच्या पद्धतीत त्यातला परताव्याचा वाटा त्याला गमवावा लागतो.