कोयना धरणाला १९६७ च्या भूकंपात तडे गेले होते म्हणतात, मग ते फुटलं कसं नाही?

तडे गेले होते हे खरं आहे. आमचं आजोळ पाटणजवळचं. ११ डिसेंबरच्या पहाटे घरं कोसळली, दीडशेच्या वर माणसं गेली. आजी सांगायची, अंगणात जमलेल्यांचा पहिला प्रश्न एकच होता : "धरान हाय का ग्येलं?"

ही भिंत मातीची नाही, रबल काँक्रीटची आहे. म्हणजे काँक्रीटच्या थरात मोठाले डबर बसवलेले. त्यामुळे सिमेंट वाचतं आणि सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णताही कमी होते. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या वर. अशी भिंत स्वतःच्या वजनावरच पाणी अडवते.

गंमत तिच्या आकारात आहे. आधी धरण दोन टप्प्यांत बांधायचं ठरलं होतं. काम चालू असताना बेत बदलला आणि पूर्ण उंची एकदमच गाठली. त्यामुळे खालच्या अंगाचा, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूचा, उतार माथ्यापासून साधारण ३६ मीटरवर एकदम बदलतो. तिथे भिंतीला जणू मानच आहे. भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरून हिशोब केला होता. धरणातल्या यंत्रावर तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा नोंदला गेला. मग तडे जायचे तिथेच गेले, मानेत, सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच ब्लॉक्सना (भिंत अशा शेजारी शेजारी उभ्या ठोकळ्यांची असते), पुढून आणि मागूनही. पण मानेखालचा भाग चांगलाच जाड आहे. तो हलला नाही, आणि वरचे ब्लॉकही जागचे सरकले नाहीत. माझ्या मते यात थोडं नशीबही होतं. हादरे आणखी काही सेकंद चालले असते तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे कुणी सांगू नये.

नंतर तड्यांत इपॉक्सी, म्हणजे चिकटून कडक होणारं रसायन, भरलं, माथा पोलादी केबल्सनी खाली ताणून धरला आणि त्या ब्लॉक्सना मागून काँक्रीटचे जाडजूड टेकू दिले. कोयनानगरला गेलात तर खालच्या अंगाने बघा, सांडव्याच्या दोन्ही बाजूंना ते दिसतात. सांडव्याचं मजबुतीकरण मात्र २००० नंतर झालं.

या पाण्याचा शेतीला काय उपयोग, असंही कुणीतरी विचारलंय. बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला उतरतं. पूर्वेला सोडलेलं कृष्णेत जातं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांनी सांगलीच्या दुष्काळी शिवारात चढतं.

हादरे अजून बसतात. तीन-साडेतीन रिश्टरचा असला तर मामा कूसही बदलत नाहीत.