विंडोज पुन्हा टाकण्याआधी
दरवर्षी संगणक फॉरमॅट करण्याची, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकण्याची सवय विंडोज ९८च्या काळातली आहे. तुमचे विंडोज ११ नीट चालत असेल, तर ठरावीक मुदतीने ते नव्याने टाकण्याचे काहीच कारण नाही. संगणक मंदावल्यास आधी सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती उरली आहे आणि सुरुवातीलाच कोणते प्रोग्राम आपोआप उघडतात, हे पाहावे. काही केल्या न हटणारा व्हायरस शिरला किंवा संगणक विकायचा असला, तर मात्र संगणक जरूर पुसावा.

नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक बॅकअपची असते: फोटो डी ड्राइव्हवर हलवले की ते सुरक्षित झाले असे वाटते, परंतु पुष्कळदा डी ही त्याच डिस्कची दुसरी वाटणी असते, म्हणजे पूर्ण डिस्क पुसली किंवा बिघडली तर फोटोही जातात. म्हणून फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यांतल्या दोन-चार उघडून पाहा. एवढे जपलेत, तर पुढचे काम तुम्हाला सहज जमेल.