चौघांत एकच कोडिंगवाला

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांनी २४ तासांची हॅकेथॉन (सलग बसून ॲप बनवायची स्पर्धा) आहे. आम्ही चौघे, पण कोडिंग नीट मला एकट्यालाच येतं. पंचगंगेच्या पुरावर ॲप करायचं ठरलंय : इशारा, नकाशा, चॅटबॉट, मदतकार्य, देणगी. त्यासाठी सगळेच रिॲक्ट (ॲपच्या स्क्रीन बनवायचं कोडिंगचं साधन) शिकायला बसलोय. जमेल का?

उत्तर : रिॲक्टचे व्हिडिओ आजच बंद करा. तीन आठवड्यांत तिघांना ते अर्धवट येईल आणि रात्री दोनला त्यांचं अडलेलं सोडवत तू बसशील. तुला येतं त्यातच करा.

यादीतल्या चार गोष्टी खोडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे पावसाळ्यात इथं सगळ्यांच्या तोंडी असतं. पण ‘४१ झालं, आमच्या गल्लीत येणार का?’ हे अजून शेजारच्या काकांनाच विचारावं लागतं. तेवढंच करा : आकडा टाकला की गल्ल्यांची नावं दिसली पाहिजेत. तिघांचं काम इथंच निघतं. एकानं सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारून वहीत उतरवावं. (लोक भिंतीवरची खूणच दाखवतात, फोटो काढून ठेवा.) दुसऱ्यानं स्क्रीन कागदावर काढाव्यात. तिसऱ्यानं पहिल्या तासापासून फक्त सादरीकरण बघावं. हे दुय्यम काम समजू नका. ॲपचं उत्तर हा अंदाज आहे, असं स्क्रीनवर स्पष्ट लिहा. कोड आधी लिहून नेणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही, नियम वाचून घ्या.

शिकायचंच असेल तर चौघांनी गिट शिका, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र ठेवून जुन्या प्रतीही जपणारं साधन. एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. एक टीम पेनड्राइव्हवरून कोड फिरवत होती. पहाटे ‘फायनल नवीन २’ नावाच्या ताज्या फाइलवर जुनी फाइल पडली. पोरं चांगली होती, दाखवायला काही उरलं नाही. कमिट (बदल नोंदवणं), पुश (तो पाठवणं), पुल (इतरांचे बदल आणणं) एवढं दोन संध्याकाळींत येतं.

येत्या रविवारी कुणाच्या तरी घरी सहा तासांची रंगीत तालीम करा. शेवटचा तास कोडला हात लावायचा नाही, चालतंय तसं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. ऐन वेळी वायफाय गेलं तर तोच व्हिडिओ दाखवता येईल. आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्या. चार लॅपटॉपना टेबलाशी एकच सॉकेट मिळतं.